वीस पौंड जास्त कमावले, सव्वातीनशे गेले

स्कॉटिश चाइल्ड पेमेंटला, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मुलांसाठी स्कॉटलंड सरकार देतं त्या भत्त्याला, 'फुकटचा पैसा' म्हणणाऱ्यांचं एक चुकतं. घोळ रकमेत नाही, दुसऱ्या भत्त्याशी केलेल्या जोडणीत आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आठवड्याला १० पौंड, असा हा भत्ता सुरू झाला. एप्रिल २०२२ मध्ये तो २० झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात २५, आणि वयाची अट सोळापर्यंत वर सरकली. एप्रिल २०२५ मध्ये तो दर मुलामागे २७.१५ पौंड झाला. पैसा एडिनबरोच्या, म्हणजे स्कॉटलंड सरकारच्या तिजोरीतला, पण बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत पात्रता ठरते लंडनच्या युनिव्हर्सल क्रेडिटवर (यूसी, कमी उत्पन्न असलेल्यांना ब्रिटिश सरकारकडून दरमहा मिळणारा भत्ता). यूसीचा एक पौंड जरी मिळत असला तरी चाइल्ड पेमेंट पूर्ण मिळतं. यूसी शून्यावर आलं की तेही बंद.

२७.१५ च्या दरानं आकडे मांडून बघा. तीन मुलांची आई, पगार वाढत गेल्यानं यूसी महिन्याला १० पौंडांवर आलेलं. तिनं एक जादा शिफ्ट केली, हातात २० पौंड जास्त पडले. ठरावीक सूट ओलांडली की हातातल्या दर पौंडामागे यूसी ५५ पेन्सनं घटतं. इथे ११ पौंड कापायचे, पण शिल्लकच १०. म्हणजे यूसी संपलं. जादा शिफ्ट नेहमीची झाली, तर दर चार आठवड्यांनी येणारे चाइल्ड पेमेंटचे ३२५.८० पौंडही संपले. वर्षाचे ४,२३५. हातात पुन्हा तेवढे यायचे तर कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) धरून पगार त्याहून बराच जास्त वाढायला हवा. अशी उडी एका शिफ्टनं बसत नाही.

चार आठवड्यांनी पगार घेणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. पगार वर्षाला १३, यूसीचे हिशेब १२. त्यामुळे एका हिशेबात दोन पगार पडतात आणि यूसी एकदम खाली येतं, कधी शून्यावर. तो महिना आधीच कॅलेंडरवर शोधून ठेवावा. कामाच्या ठिकाणच्या पेन्शनमध्ये भरलेली रक्कम यूसीच्या उत्पन्नातून वजा होते, म्हणून यूसी संपायच्या काठावर असलेल्यांनी पेन्शनची वर्गणी थोडी वाढवून हिशेब करून बघावा. पैसा आपल्याच नावावर राहतो आणि यूसी तगण्याची शक्यता वाढते.

मग चाइल्ड पेमेंटही टप्प्याटप्प्यानं का घटवत नाहीत? कारण ते लंडनच्या भत्त्यावर घातलेली भर आहे. २०१८ च्या स्कॉटिश सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम ७९ खाली. त्यामुळे भत्ता झटपट सुरू करता आला, पण उतार बांधायचा तर प्रत्येक कुटुंबाच्या उत्पन्नाचा ताजा हिशेब लागतो, आणि तो लंडनच्या खात्यांकडे असतो. जॉबसेंटर (सरकारी रोजगार कार्यालयं), सँक्शन (अटी मोडल्या म्हणून भत्ता कापणं), किमान वेतन, सगळं त्यांच्याच हातात. होलीरूडकडे, म्हणजे स्कॉटिश संसद आणि सरकारकडे, रोजगार-मदतीचा तुकडा आला तेव्हा २०१८ मध्ये फेअर स्टार्ट स्कॉटलंड ही योजना आली. ती ऐच्छिक होती. नाही गेलात म्हणून भत्ता कापला जात नसे. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, पण यूसीच्या काठावरच्या त्या आईला त्याचा काय उपयोग?

पक्षांचं भांडण याच जोडणीवर चालतं. एसएनपी (स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याची मागणी करणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी) म्हणते, लंडनच्या चुकांची भरपाई आम्ही खिशातून करतो. बेडरूम टॅक्सचं उदाहरण खरंच तसं आहे: २०१३ पासून एका जादा खोलीला घरभाडे-मदतीत भाड्याच्या १४ टक्क्यांची कपात, आणि स्कॉटलंडमध्ये ती होलीरूड भरून काढतं. लेबर पक्ष म्हणतो, अधिकार आहेत तर वापरा, रडू नका.

यूसीत मुलांसाठीची रक्कम दोनच मुलांपुरती देण्याच्या मर्यादेचंही तसंच झालं. ती भरून काढू, असं एसएनपी सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी एप्रिल २०२६ पासून ती मर्यादाच रद्द करायचं ठरवलं. एडिनबरोचा एक खर्च वाचला खरा. पण मर्यादा गेली की मोठ्या कुटुंबांचं यूसी वाढतं, जी कुटुंबं आधी शून्यावर होती त्यांतली काही परत यूसीत येतात आणि चाइल्ड पेमेंटलाही पात्र होतात. ते बिल पुन्हा एडिनबरोच्या नावावर.