चिंगीची नवी टाकी: आधी मापं, मग खरेदी

चिंगी, म्हणजे आमचं पाळीव कासव, आमच्याकडे आली ती मावसबहिणीची बदली झाली तेव्हा, टाकी-दिव्यासकट. जात रेड-इअर्ड स्लायडर, मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. डोळ्यामागचा लाल पट्टा बघितला की लगेच ओळखू येते. सोबत आलेली टाकी ७५ सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद. चिंगी दोन-तीन वेळा पाय मारायची की नाक काचेला. मग पुढच्या पंजांनी काच खरवडत, अंग तिरकं करून वळायची, पुन्हा पाय मारायची, पुन्हा काच. दिवसभर हेच चाललेलं. मला ते बघवेना. मोठी टाकी घ्यायचीच हे तिथे ठरलं.

पहिलं काम कवच मोजण्याचं. पाठीच्या उंचवट्यावरून टेप फिरवला तर माप जास्त येतं, ते धरत नाहीत. मी चिंगीला टेबलावर ठेवलं, पुढे एक जाड पुस्तक उभं केलं, मागे एक, आणि दोन्हींमधलं सरळ अंतर पट्टीने घेतलं. १८ सेंमी. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी आखूड नखं आणि बारीक शेपूट बघून सांगितलं, “ही मादी आहे, अजून वाढणार. आजच्या मापाची टाकी घेऊ नका.” या जातीचा नर साधारण २० सेंमीपर्यंत जातो, मादी २५ ते ३० सेंमीपर्यंत. नीट सांभाळलं तर तीस वर्षंही जगतात. म्हणून मी हिशेबाला २८ सेंमी धरले.

‘टाकी लहान ठेवली की कासवही लहानच राहतं’ असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. हे अजिबात खरं नाही. कासव टाकीच्या मापाने वाढत नाही. कोंडून ठेवलेलं कासव खुंटतं ते घाण पाण्यामुळे, अपुऱ्या आहारामुळे आणि उजेड न मिळाल्यामुळे, आणि त्यात कवचही वाकडं होतं.

कासव पाळणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असतो: कवचाच्या दर सेंमीला साधारण १५ लिटर पाणी. २८ सेंमीला झाले ४२० लिटर. साधारण तेवढ्या पाण्याच्या तीन टाक्या माझ्यासमोर होत्या. एक १०० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ९० उंच. दुसरी १५० लांब, ४५ रुंद, ६० उंच. तिसरी १२० लांब, ६० रुंद, ६० उंच. पहिल्या दोन्हींत ४०५ लिटर, तिसरीत ४३२. लिटरचा आकडा बघून तिन्ही सारख्याच वाटतात.

मी पुठ्ठ्याचं २८ सेंमी लांबीचं लंबगोल कासव कापलं आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून तिन्ही टाक्यांचे तळ आखले. फरक तिथे उघड झाला. उंच टाकीत पुठ्ठ्याचं कासव ठेवलं की पुढे-मागे फार जागा उरेना. ती टाकी दिवाणखान्यात सुंदर दिसली असती, पण स्लायडर आडवं पोहणारं जनावर आहे. त्याला वर-खाली करायला ९० सेंमी लागत नाहीत, कवचाच्या दीडपट-दुप्पट खोली पुरते. १५० सेंमीची टाकी सरळ पोहायला उत्तम. पण ४५ सेंमी रुंदीत २८ सेंमीचं कासव पाय पसरून वळलं की दोन्हीकडे काच जवळच, आणि चिंगीचा जुना त्रास वळण्याचाच तर होता. १२० बाय ६० मध्ये पुठ्ठा कुठेही फिरवला तरी अडेना. मी ती घेतली. पुन्हा निवडायची वेळ आली तरी आधी रुंदी बघेन, मग लांबी, उंची सगळ्यांत शेवटी.

काचेऐवजी मोठा प्लॅस्टिकचा टब हाही चांगला पर्याय आहे, आणि जागा असेल तर मी तो आनंदाने सुचवेन. हलका असतो, तडकत नाही, तेवढ्याच खर्चात जास्त पाणी मिळतं. मला मात्र चिंगी पोहताना बाजूने आणि खालून दिसायला हवी होती. पोटाकडच्या कवचावर डाग आलाय का, मागचे पाय सारखे हलतायत का, एका अंगाला कलून पोहतेय का, हे वरून नीट कळत नाही. एका अंगाला कलणं हे फुप्फुसाच्या संसर्गाचं लक्षण असू शकतं.

वजनाचा विचार टाकी घरात येण्याआधी करायचा. १२० बाय ६० च्या तळावर ५० सेंमी पाणी म्हणजे ३६० लिटर, तेवढेच किलो. १२ मिमी जाडीची काच धरली की साडेचारशे किलोच्या घरात जातं. साध्या टेबलाचं हे काम नव्हे. मी लोखंडी स्टँड करून घेतलं, ते भिंतीला लागून ठेवलं, स्पिरिट लेव्हलने लांबी-रुंदी दोन्हीकडे तपासलं आणि काचेखाली फोमची शीट घातली. स्टँड जरा जरी तिरकं असलं तरी एका कोपऱ्यावर ताण येतो आणि सांधा सुटतो.

ऊन शेकायची जागा मी टाकीच्या आत न करता कठड्यावर बसवली, आत उतरणारा उतार देऊन. त्यामुळे पोहायचं पाणी कमी झालं नाही. फळी चारी बाजूंनी उंच करून घेतली, कारण कासवं चढण्यात पटाईत असतात. वर दोन दिवे: एक उष्णतेचा, फळीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवणारा, आणि दुसरी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी नळी. ही नळी आणि कासव यांच्यामध्ये काच चालत नाही. यूव्हीबी किरण साध्या काचेत अडतात, आणि त्यांच्याशिवाय कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही त्यासाठी कामाचं नाही.

फिल्टरवर काटकसर करू नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन. कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं. माशांसाठी लिहिलेला फिल्टरचा आकडा कासवाला पुरत नाही, पाण्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. मी बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर घेतला, आणि जुन्या फिल्टरमधला स्पंज न धुता नव्यात घातला. घाणीतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच असतात. नळाखाली धुतला तर क्लोरीनने मरतात. सुरुवातीला चाचणीच्या किटने अमोनिया आणि नायट्राइट वरचेवर बघत होते. एकदा अमोनिया दिसला तेव्हा अर्धं पाणी बदललं, खाणं कमी केलं आणि तो उतरला.

तळात बारीक खडे घातले नाहीत. कासवं ते गिळतात आणि आतडं अडतं. नुसता काचेचा तळ सायफनने पटकन साफ होतो. हीटरला जाळीचं आवरण घातलं, पाणी २५ अंशांच्या आसपास राहतं. चिंगी आता टाकीच्या लांब बाजूने सरळ जाते आणि काचेला न लागता वळते. काच खरवडणं जवळजवळ थांबलंय.

अंडी घालायच्या पेटीचं काम अजून उरलंय. नर नसला तरी वयात आलेली मादी अंडी धरते. ती अंडी फळत नाहीत, पण खणायला ओलसर माती मिळाली नाही तर पोटात अडकू शकतात आणि जिवावर बेततं. म्हणून कठड्यावरच्या फळीला लागून वाळू-मातीची पेटी जोडायची आहे, माती निदान तिच्या कवचाच्या लांबीइतकी खोल. स्टँड करून घेतानाच एका बाजूला त्या पेटीसाठी टेकू ठेवायला सांगितलं होतं. खाणं सोडून ती मागच्या पायांनी फळी उकरायला लागली, तर एक्स-रे काढायला तिला लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.