पहिलीच्या चड्डीला इलास्टिकच हवं

मधली सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती. पहिलीतलं एक पोरगं टेबलापाशी आलं आणि पाय आवळून उभं राहिलं. "मॅडम, हूक निघंना."

कोरी करकरीत चड्डी. कमरेला हूक, त्याच्या आत आणखी एक बटण, आणि काज एवढं घट्ट की मलाच दोन्ही अंगठे लावावे लागले. तोवर व्हायचं ते झालं होतं. मी पटकन पाण्याची बाटली त्याच्यावर लवंडली. पोरगं हुशार. वर्गाकडे वळून त्यानंच मोठ्यानं सांगितलं, "मॅडमनी पाणी सांडलं!"

तेव्हापासून गणवेशाचा विषय निघाला की माझं एकच टुमणं असतं.

ती चड्डी त्याच्या वडिलांनी आठवडी बाजारातून आणलेली. वर्ष 2024-25 चं, शासनाच्या 'एक राज्य एक गणवेश' योजनेचं. आकाशी सदरा, गडद निळी चड्डी, दुसरा जोड स्काउट-गाइडचा. कापड वरून येणार, शिलाई महिला बचत गटांकडे. पंधरा ऑगस्ट उलटला तरी बऱ्याच शाळांत गणवेश पोचले नव्हते. वाट बघून बघून आमच्याकडच्या पालकांनी मिळेल ते घेतलं. डिसेंबरात शासनानं तो निर्णय फिरवला आणि 2025-26 पासून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून एका जोडाला 300 रुपये, दोन जोडांचे 600. त्यात कापड, शिलाई, सगळं बसवायचं.

आमच्या समितीच्या बैठकीत पाऊण तास रंगावर गेला. चेक्स की प्लेन? मग टायवर. शेजारच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमधून टाय लावलेली पोरं उतरतात, हे दुखणं. (एप्रिलात पत्र्याखालच्या वर्गात टाय कुणी लावून दाखवावा.) मी इलास्टिकचं काढलं तर एक पालक हसले, "मॅडम, ती काय अंगणवाडी आहे का?" मी म्हटलं, पहिलीतलं पोर गेल्या वर्षी अंगणवाडीतच होतं की! फ्रॉकची चेनही पाठीवर नको म्हटलं, कारण दोन मुली एकमेकींची चेन लावत बसतात आणि तिच्यात केस अडकून तिसरीच रडत येते.

टेलरचं म्हणणं, इलास्टिक धुऊन धुऊन ढिलं पडतं. खरंच आहे ते. तेवढ्यात मागे बसलेल्या एक आई बोलल्या, "आतून दोन बोटांची फट ठेवा. ढिलं झालं की मी ओढून गाठ मारीन. आणि खाली चांगली दुमड सोडा, दोन वर्षं निघाली पाहिजेत." दुमड उसवली की खाली गडद रंगाचा पट्टा दिसतो. आमच्या वर्गात त्या पट्ट्यावरून कोण किती वाढलं ते कळतं.

झालं, पहिली-दुसरीला इलास्टिक ठरलं. मापं घ्यायला टेप काढली तर ते हूकवालं पोरगं, आता दुसरीतलं, अडून बसलं. "मला हूकवालीच पाहिजे. दादासारखी."

"काढता येतो का तुला?"

"येतो." आणि त्यानं काढून दाखवला. जीभ दातात धरून, चांगलं अर्धा मिनिट लावून.