थंडी गेली की नुसती दमलीये?

आज सकाळी जॅकेट घालून बाहेर पडले आणि दहाव्या मिनिटाला ते काखोटीला मारलं. ऊन चक्क कोवळं, वाऱ्याला धारच नाही. फाटकाजवळच्या उघड्याबोडक्या फांदीवर एक कळी दिसली. गव्हाच्या दाण्याएवढी, टोकाचे तपकिरी खवले जरासे सुटलेले आणि आत हिरवा ठिपका. मनात आलं, वसंत यंदा लवकर आला की काय!

कॅलेंडरला विचारलं तर नाही. उत्तर गोलार्धात हवामानवाले वसंत १ मार्चपासून धरतात, खगोलवाले २० मार्चच्या आसपास, दिवस-रात्र जवळपास सारखे होतात तेव्हा. पण झाडाला कुठलं आलंय कॅलेंडर? थंड प्रदेशातल्या बऱ्याच झाडांना आधी पुरेशी थंडी खावी लागते, मग ऊब मिळाली की कळ्या हलतात. काही झाडं दिवसाची लांबीही बघतात. ती शहाणी. बाकीची माझ्यासारखी, चार उबदार दिवसांवर भाळणारी. मग एखाद्या रात्री कडाक्याचं हिव पडतं आणि उमललेली कळी काळी पडते.

पाच वाजता वारा फिरला. जॅकेट परत अंगावर. माळ्यावर टाकायला काढलेले स्वेटर अजून पलंगावरच पडलेत, घड्या घातलेले.