ती गोळी माझ्यासाठी नव्हती

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नात्यातल्या बायका विचारतात, बालवाडीच्या फाटकाशी भेटणाऱ्या आया विचारतात, परवा तर नाशिकरोडहून एका अनोळखी मुलीचा फोन आला. प्रश्न एकच: "तुमचं थायरॉइड तर ऑपरेशन करून काढलंय, मग पोटातल्या बाळाला थायरॉइडचा त्रास कसा झाला?"

आठ वर्षांपूर्वी मला ग्रेव्हज् डिसीज निघाला, म्हणजे थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते तो आजार. हात थरथरायचे, वजन झरझर उतरलं, रात्री छातीत धडधड. औषधांनी आटोक्यात येईना, म्हणून ग्रंथीच काढून टाकली. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथी बनवायची त्या हार्मोनची गोळी. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी व्यवस्थित, मी खुशाल. दिवस राहिल्यावर नाव घालायला गेले तेव्हा फॉर्मवर 'थायरॉइड'पुढे खूण केली, गोळीचा डोस लिहिला. ऑपरेशन कशामुळे झालं होतं, हे ना तिथे कुणी विचारलं, ना मला सांगायचं सुचलं.

ग्रेव्हज् मध्ये मूळ दुखणं ग्रंथीचं नसतंच. शरीर अँटीबॉडी बनवतं आणि त्या ग्रंथीला सारख्या डिवचत राहतात. ग्रंथी गेली तरी त्या रक्तात वर्षानुवर्षं राहू शकतात. माझ्या गळ्यात डिवचायला काही उरलं नव्हतं. पण त्या वारेतून पलीकडे गेल्या आणि तिथे त्यांना एक कोवळी ग्रंथी सापडली. साधारण विसाव्या आठवड्यानंतर बाळाची ग्रंथी त्यांना दाद देऊ लागते.

मला सव्विसावा आठवडा होता. ऑक्टोबर चालू होता, दिंडोरीला सासरी द्राक्षाची गोडी छाटणी सुरू, त्यामुळे गंगापूर रोडला सोनोग्राफीला मी एकटीच गेले. डॉक्टरबाईंनी ठोके मोजले: 184. पोटातल्या बाळाचे ठोके 110 ते 160 असावेत. त्या दहा मिनिटं थांबल्या, मला कुशीवर वळवलं, पुन्हा मोजले. तेवढेच. मग प्रोब बाळाच्या गळ्यावर नेऊन तिथेच धरला. पडद्यावर श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना फुगवटा होता आणि रंगीत डॉपलर लावल्यावर त्याच्या आत लाल-निळं रक्त खळखळताना दिसलं. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तुमचं थायरॉइड कशासाठी काढलं होतं?"

त्या एका प्रश्नाने माझं बाळ वाचलं, असं मी आजही मानते. ठोके असेच राहिले असते तर बाळाचं हृदय थकतं, वाढ खुंटते, अंगात पाणी साठू शकतं.

ग्रंथीला डिवचणाऱ्या त्या अँटीबॉडीची, म्हणजे टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडीची, रक्तात तपासणी झाली. मर्यादेच्या तिपटीवर गेली की बाळावर बारीक लक्ष ठेवायचं असतं. माझी त्याच्याही बरीच वर होती. मग मला कार्बिमाझोल सुरू केलं. मेडिकलवाले काका चिठ्ठी हातात धरून थबकले. "एक गोळी थायरॉइड भरून काढायची, दुसरी दाबायची. लिहिताना चूक तर नाही ना झाली?" चूक नव्हती. थायरॉक्सिन माझ्यासाठी होतं, कारण माझ्याकडे ग्रंथी नाही. कार्बिमाझोल वारेतून जाऊन बाळाची ग्रंथी आवरणार होतं. ती गोळी गिळताना मी दरवेळी पोटावर हात ठेवायचे. दोन आठवड्यांनी ठोके 150 वर आले. डॉक्टरबाईंनी आवाज मोठा केला आणि मी तिथेच रडले.

"बाळाला सुई टोचली का हो?" हेही विचारतात. मला नाही लागली. पण बाळाची ग्रंथी कमी काम करत असतानाही गळा असाच फुगू शकतो, आणि तेव्हा उपाय अगदी उलटा असतो. आईच्याच औषधाने ती दबली असेल तर डोस कमी करतात. तेवढ्याने भागलं नाही तर काही वेळा सुईने गर्भजलात थायरॉक्सिन सोडतात आणि बाळ ते पाणी गिळतं. दोन्हींतलं नक्की कोणतं हे कळेनासं झालं तर नाळेतलं रक्त तपासावं लागतं. त्यात जोखीम असते, म्हणून आधी ठोके, डॉपलर, हाडांची वाढ आणि आईच्या अँटीबॉडी यांवरून ठरवतात.

ज्यांचं थायरॉइड नुसतं कमी आहे त्यांनी माझी गोष्ट ऐकून घाबरू नका. तुमचं काम वेगळं: दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगून डोस वाढवून घ्यायचा. पहिले चारेक महिने बाळ मुख्यतः तुमच्याच हार्मोनवर वाढतं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिननंतर चार तासांनी.

मुलगी जानेवारीत झाली. पहिले काही दिवस शांत गेले, कारण माझं औषध अजून तिच्या अंगात होतं. अँटीबॉडी मात्र औषधापेक्षा जास्त टिकतात. दहाव्या दिवशी ती दूध पिऊनही वजन धरेना, ठोके पुन्हा वाढले. मग तिलाच अगदी थोडं कार्बिमाझोल दिलं. माझ्या अँटीबॉडी ओसरल्या तसं तिसऱ्या महिन्यात तेही बंद झालं.

नाशिकरोडच्या त्या मुलीला मी आधी तोच प्रश्न विचारला: ग्रंथी कशासाठी काढली होती? ग्रेव्हज् साठीच. तिला चौदावा आठवडा चालू होता, आणि हे तिने तिच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तपासणीच्या पावतीचा फोटो पाठवला.