मेंदी कुलाचा मागोवा: नोंद तिसरी

मेंदी कुल म्हणजे मेंदीच्या नात्यातल्या वनस्पतींचा गट, आणि त्यांचे परागकण भिंगाखाली पाहण्याचा हा खटाटोप आहे. गेल्या नोंदीनंतर ताम्हण आणि चिपी (खाडीकाठचे कांदळवनातले झाड) यांच्या परागकणांच्या वापरण्याजोग्या काचपट्ट्या तयार झाल्या. डाळिंबाच्या मात्र परागकण काचेवर बसवण्याची ग्लिसरीन जेली जास्त तापल्याने बुडबुड्यांपायी वाया गेल्या, आणि मेंदीची तर सुरुवातही झालेली नाही. ताम्हणाची फुले मे महिन्यात इमारतीसमोरच मिळाली. चिपीसाठी भांडुपच्या बाजूने ठाणे खाडीच्या काठी पहाटे जावे लागले. कांदळवन संरक्षित असल्यामुळे फांदीला हात न लावता चिखलावर गळून पडलेले पुंकेसरच वेचले.

चिपी, डाळिंब आणि शिंगाडा यांची पूर्वी स्वतंत्र कुले मानली जात. आता तिन्ही मेंदी कुलातच, म्हणजे लिथ्रेसीत, मोडतात. चिपीच्या कणावरची तीन छिद्रे भिंगाखाली स्पष्ट दिसली, तेव्हा बोर्निओतील फ्लॉरशुएट्झिया या जीवाश्म परागकणांची आठवण झाली. तेथील थरांत फ्लॉरशुएट्झिया ट्रायलोबाटा हा जुना प्रकार आधी येतो आणि आजच्या चिपीच्या जातींशी जुळणारे लेव्हिपोली व मेरिडिओनॅलिस हे प्रकार मायोसीन काळात (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वी) एकामागून एक दिसू लागतात. वंशाची वाटचाल इतकी सलग क्वचितच वाचायला मिळते.

आपल्याकडचा मेंदी कुलाचा पुरावा याहून पुष्कळ जुना आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलानच्या आंतरट्रॅपी, म्हणजे दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये साचलेल्या गाळाच्या, थरांतून मिळालेल्या, सिलिकाने दगड झालेल्या फळाला पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९४३ मध्ये एनिग्मोकार्पॉन असे नाव दिले, आणि लगेच १९४४ मध्ये शुक्ला यांनी त्याच ठिकाणच्या साहनिअँथस या फुलाचे वर्णन करून त्याचा या फळाशी संबंध जोडला. सुट्या बीपेक्षा किंवा एकट्या परागकणापेक्षा फूल आणि फळ यांची अशी जोडी मला अधिक विश्वासार्ह वाटते. (असे दगड कोरायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागते, घरी कोणी तो विचारही करू नये.)

तरीही ‘मेंदी कुल मूळचे भारतातलेच’ हे आपल्या मंडळींत अधूनमधून ऐकू येणारे विधान मला पटत नाही. मोहगावकलानचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तर अमेरिकेतील वायोमिंगमध्ये लिथ्रम या याच कुलातल्या वनस्पतीसारखे परागकण सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडले आहेत. भारत तेव्हा समुद्राने वेढलेला भूखंड होता. म्हणजे क्रिटेशस (डायनोसोरांचा शेवटचा काळ) संपण्याआधीच हे कुल दूरवर पसरलेले होते, एवढेच यावरून म्हणता येते.

पुढची खटपट शिंगाड्याच्या फुलांसाठी आहे. त्याच्या परागकणावर तीन उंच कंगोरे असतात, आणि ते चिपीच्या काचपट्टीशेजारी ठेवून पाहायचे आहेत.