मैदानानंतरचा माइक

शाळेच्या मैदानाबद्दल आणि पी.टी.च्या तासांबद्दल या स्मरणिकेत इतर माजी विद्यार्थी भरभरून लिहितीलच. माझ्या वाट्याची जागा मी एका प्रश्नाला देतो. शाळेच्या फुटबॉल संघातली मुलं भेटली की हमखास विचारतात : खेळणं थांबल्यावर टीव्हीवर बोलायचं काम कसं जमतं?

बाहेरून एकच वाटणारी ही कामं मुळात वेगवेगळी आहेत. सूत्रसंचालक प्रश्न विचारतो, घड्याळ सांभाळतो. १९८६च्या विश्वचषकात सर्वाधिक ६ गोल करणारा गॅरी लिनेकर बीबीसीवर १९९९ ते २०२५ हेच काम करत होता. त्याच्या समोर बसतो तो विश्लेषक. मँचेस्टर युनायटेडचा बचावपटू गॅरी नेविल २०११मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी स्काय वाहिनीवर या कामाला लागला. तिसरी जागा समालोचन कक्षात, मुख्य समालोचकाशेजारी तज्ज्ञ म्हणून. माजी खेळाडू सगळ्यात जास्त गडबडतो तो इथे.

चेंडू खेळात असताना मुख्य समालोचकानं बोलायचं, थांबला की तज्ज्ञानं. थ्रो-इनला (कडेबाहेर गेलेला चेंडू हातानं आत टाकताना) जेमतेम काही सेकंद मिळतात, कॉर्नरला (मैदानाच्या कोपऱ्यातून किक मारताना) थोडे जास्त. वाक्य त्या मापाचं हवं. चेंडू गोलसमोरच्या बॉक्सजवळ आला की अर्धं वाक्यही सोडून द्यायचं. नवखा माणूस ते पूर्ण करायला जातो आणि गोल त्याच्या आवाजाखाली दडपतो. गोल झाल्यावर काही क्षण दोघांनीही गप्प राहायचं, प्रेक्षकांचा गलका ऐकू द्यायचा. तज्ज्ञाची पाळी रिप्लेला.

रिप्लेत काय झालं ते सगळ्यांना दिसतंच. 'यानं पास दिला, त्यानं मारला' हे सांगायला खेळाडू कशाला हवा? त्यानं 'का' ते सांगायचं, आणि ते कारण बहुतेक वेळा गोलच्या दोन-तीन पास आधी असतं. साइड बॅक (कडेचा बचावपटू) वर गेला, त्याची जागा झाकायला स्टॉपर (मधला बचावपटू) बाहेर सरकला, मधली फट भरायला हाफ (मधल्या फळीतला खेळाडू) मागे आलाच नाही. खेळलेल्या डोळ्याला हे दिसतं. मात्र नुसतं चेंडूमागे बघत बसलात तर त्यालाही दिसणार नाही.

कानात निर्मात्याचा आवाज सतत असतो : पुढचा रिप्ले कोणता, ब्रेकला किती सेकंद. दहापासून उलटी मोजणी चालू असताना आपलं वाक्य शून्यावर संपलं पाहिजे. घरी सरावासाठी एका कानात बातम्या लावा आणि भलत्याच विषयावर बोलत राहा. सुरुवातीला दोन वाक्यांतच जीभ अडखळते. खोकला आला, शेजाऱ्याला काही विचारायचं असलं, तर 'कफ' बटण दाबून धरायचं, म्हणजे तेवढा वेळ माइक बंद. बटण अर्धवट दाबलं गेलं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको!

पुष्कळदा मैदानावर नेतही नाहीत. स्टुडिओत पडद्यावर बघूनच बोलावं लागतं. कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे बचावफळी कुठे उभी आहे ते कळत नाही. तिथे अंदाजानं ऑफसाइड (पास सुटताना पुढचा खेळाडू बचावफळीच्या पलीकडे असणं) ठरवू नये, रिप्ले येईपर्यंत थांबावं.

तयारीसाठी मोठा ए-३ कागद घ्या. दोन्ही संघ रचनेप्रमाणे मांडा, नंबर ठळक, राखीव खेळाडू कडेला. नावांचे उच्चार संघातल्याच कुणाला विचारून देवनागरीत लिहा. मणिपूर-मिझोरमच्या मुलांची नावं आपण बेधडक मोडतो, ते फार वाईट दिसतं. दोन्हीकडून पाच-पाच बदली झाल्यावर हा कागद नसेल तर शेवटची २० मिनिटं नुसता गोंधळ.

जुन्या क्लबला 'आम्ही' म्हणायची सवय मोडावी लागते. नियमपुस्तकही वाचावं लागतं. खेळाडूंना नियम पाठ असतात हा गोड गैरसमज आहे. हँडबॉलचा (चेंडूला हात लागण्याचा) नियम २०१९ आणि २०२१मध्ये बदलला, हे किती जणांना ठाऊक असतं?

नागपुरात सुरुवात करायची तर आकाशवाणीच्या स्वरचाचणीवर लक्ष ठेवा. रेडिओचं तंत्र उलटं आहे. चेंडू कुठे, कुणाकडे, स्कोअर किती हे मिनिट-दोन मिनिटांनी सांगावंच लागतं, आणि लांब शांतता चालत नाही. तोवर यशवंत स्टेडियमवर किंवा कामठीला सामना असेल तेव्हा गर्दीपासून जरा लांब उभे राहा आणि मोबाइलवर १० मिनिटांचं समालोचन रेकॉर्ड करा. ऐकताना 'म्हणजे' आणि 'बघा' किती वेळा आलं ते मोजा. मग सामना न बघितलेल्या मित्राला तेच ऐकवा आणि स्कोअर विचारा.