माहेरचं आडनाव

टूर मॅनेजर म्हणून ऑस्लोच्या आकर्सहुस किल्ल्यावर माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. "क्विसलिंग म्हणजे नॉर्वेचा सूर्याजी पिसाळ." चाळीस माणसं, त्यातली दहा टॉयलेट शोधणारी, चार फोटोत गुंग. एका दमात सगळ्यांना कळायचं. लोक हसायचे, मी पुढे.

त्या दिवशीही हसले. मग मी ठरलेला पाढा म्हटला. ९ एप्रिल १९४०ला जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या, राजा आणि सरकार राजधानीतून निसटले. संध्याकाळी व्हिडकुन क्विसलिंगने रेडिओवरून स्वतःलाच पंतप्रधान जाहीर केलं. ज्याच्या पक्षाला संसदेत कधी एक जागा मिळाली नाही, तो! आठवड्याभरात जर्मनांनीच त्याला बाजूला सारलं, आणि १९४२च्या फेब्रुवारीत पुन्हा बसवलं. २४ ऑक्टोबर १९४५ला याच किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या. आडनावाची मात्र इंग्रजीत शिवी झाली, तीही १९४०च्या एप्रिलातच.

पांगापांग झाल्यावर एक काकू मागे राहिल्या. साताऱ्याकडच्या, निवृत्त शिक्षिका.

"बाळा, माझं माहेर पिसाळ."

मला काय बोलावं सुचेना. सॉरी म्हणालो, तेही अर्धवट.

"अरे, सॉरी काय. शाळेत रायगडाचा धडा आला की अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. पुढे मी स्वतः तो शिकवला. सूर्याजीने खरंच फितुरी केली का, यावर इतिहासकारांत वाद आहेत, हेही सांगायची. पोरांना वाद नको असतो, नाव हवं असतं." मग त्यांनीच विचारलं, "ह्याचा तरी पुरावा पक्का आहे ना?"

"ह्याचा पक्का. सगळा देश रेडिओ ऐकत होता."

"मग इथल्या मास्तरांनी काय केलं?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. उत्तर माहीत होतं, पण गोष्टीत घुसवायला वेळ नसतो म्हणून गाळायचो. १९४२त क्विसलिंगने शिक्षकांची सक्तीची संघटना काढली, मुलांना नाझी वळण लावायला. हजारो शिक्षकांनी लेखी नकार पाठवला. अकराशेच्या आसपास पकडले गेले, त्यातल्या शेकडो जणांना पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीला धाडलं. शेवटी माघार क्विसलिंगलाच घ्यावी लागली.

काकू किल्ल्याच्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. "आणि पोरं?"

"पोरं कोटाला पेपरक्लिप लावून फिरायची. आपण एकत्र आहोत, याची खूण."

"साधी पेपरक्लिप?"

"साधी."

त्यांनी माझ्या फाइलकडे बोट केलं. मी व्हाउचरांची क्लिप काढून दिली. ती त्यांनी स्वेटरला, मंगळसूत्राच्या जरा वर, अडकवली आणि बसकडे निघाल्या.

पुढचे सहा दिवस व्हाउचरं मी रबरबँडने बांधली. पिसाळांचं वाक्य तेव्हापासून बंद केलंय. आता क्विसलिंगला दहा मिनिटं लागतात, आणि टॉयलेटवाले कुरकुरतात.